पाडव्याचा शिकण्याचा संकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गेली अकरा वर्षं एक रिवाज आहे. पाडव्याच्या सकाळी घरोघरी गुढ्या उभ्या राहतात, दुपारी श्रीखंड-पुरीची जेवणं होतात आणि उन्हं कलली की, गुढी उतरवायच्या आधी, आम्ही पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून बसतो. मध्ये एक जाड वही असते. ज्याला येत्या वर्षात काही शिकायचं आहे तो आपल्या हाताने त्या वहीत लिहितो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. पहिल्या वर्षी आम्ही नऊ जण होतो, गेल्या पाडव्याला एकेचाळीस. वही माझ्याकडे असते, त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. आता दुसऱ्या सोसायट्यांमधले लोकही विचारू लागले आहेत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

पाडवाच का? एक जानेवारीला संकल्प केला तर चालत नाही का?

चालतो, अगदी मनापासून करा. पुण्यात शिकण्याच्या बाबतीत जानेवारीचा पहिला आठवडा लहानसहान नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली ती १ जानेवारी १८४८ ला. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीत उघडलं. फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ चं. ३ जानेवारी हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस. ज्या गावात मुलींच्या हाती पहिल्यांदा पाटी आली ती या तारखेला, तिथे एक जानेवारीला परकं कोण म्हणेल?

पण आमच्यासाठी पाडवा सोयीचा पडला, त्याची कारणं साधी आहेत. एकतीस डिसेंबरच्या रात्री निम्मी सोसायटी एफसी रोडला नाहीतर कॅम्पात असते आणि दुसऱ्या दिवशी दहापर्यंत झोपलेली. पाडव्याला उलट. पहाटे उठून आंघोळी झालेल्या असतात, दाराला तोरण असतं, तोंडात कडुनिंबाची चव असते आणि मन लख्ख असतं. शिवाय साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे वेळ बघावी लागत नाही.

ज्यांना मुहूर्त पटत नाही त्यांच्यासाठी: हेंगचेन दाय, केटी मिल्कमन आणि जेसन रीस या तीन अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस, सण अशा वळणांनंतर माणसं नव्या कामाला लागण्याची शक्यता जास्त असते. जुना मी तिकडे राहिला, आता नवा मी, असं मनाला वाटतं. म्हणजे पाडवा हुकला तरी अक्षय्य तृतीया आहे, जूनमध्ये शाळा उघडतात तो दिवस आहे, दसरा आहे, दिवाळीतला पाडवा आहे. आपल्याकडे वर्ष अनेक वेळा सुरू होतं, ही श्रीमंतीच आहे.

यंदाचं वर्ष किती दिवसांचं?

हा प्रश्न यंदा फार आला आणि तो महत्त्वाचा आहे. शके १९४८ चा पाडवा १९ मार्च २०२६ ला आणि त्यापुढचा, शके १९४९ चा, ७ एप्रिल २०२७ ला. मधले दिवस मोजा: ३८४. कारण यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. बारा चांद्र महिन्यांचे मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. ही अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक जास्तीचा महिना घालून ती भरून काढतात.

आम्ही या महिन्याला भरपाईचा महिना ठरवलंय. चैत्र-वैशाखात लग्नं, पाहुणे, आंबे, उन्हाळ्याची सुट्टी यांत नेम डळमळतो. अधिकात मंगल कार्यं नसतात, घर शांत असतं. मागे पडलेलं सगळं त्या तीस दिवसांत उचलायचं.

संकल्प नेमका लिहायचा कसा?

सगळं इथे आहे. बाकीचं पान नाही वाचलं तरी चालेल, पण एवढं वाचा.

पहिल्या वर्षी मी वहीत लिहिलं होतं, 'जर्मन शिकायचं.' श्रावण संपेपर्यंत मला शंभरेक शब्द येत होते, दिवाळीनंतर तेही गेले. मला फार वाईट वाटलं, कारण इच्छा खरी होती. मग त्या मार्गशीर्षात आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तो नीट ऐकला. गोदावरीच्या दक्षिण तीरावर, शालिवाहन शकाच्या अमुक वर्षी, अमुक नावाच्या संवत्सरात, अमुक अयन, अमुक ऋतू, अमुक मास, अमुक पक्ष, अमुक तिथी, अमुक वार. मग गोत्र, मग नाव. मग काय करणार ते. शेवटी 'करिष्ये', मी करीन, आणि तळहातावरचं पाणी ताम्हनात.

माझ्या 'जर्मन शिकायचं' मध्ये यांतलं काहीच नव्हतं. कुठे बसून, कुठल्या वारी, किती वाजता, काय करून. शिकायचं कोणी, हेही नव्हतं. 'शिकायचं' म्हणजे कोणीतरी, कधीतरी.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये याच गोष्टीवर लिहिलं आहे. 'मला हे साधायचं आहे' एवढं म्हणणाऱ्यापेक्षा 'अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी आलो, की मी अमुक करीन' असं ठरवणारा माणूस ते काम तडीला नेण्याची शक्यता बरीच जास्त. पूजेच्या संकल्पात हा साचा आधीच तयार आहे, आपण तो फक्त ऐकत नाही.

म्हणून आमच्या वहीत वाक्य असं असतं: 'मी, सोमवार ते शनिवार, सकाळचा चहा झाला की, गॅलरीतल्या टेबलापाशी बसून वीस मिनिटं जर्मन वाचीन आणि बोलीन. आषाढी एकादशीला माझ्या भाचीशी पाच मिनिटं जर्मनमध्ये बोलून दाखवीन.' क्रियापद 'करीन' असंच हवं. 'करायचा प्रयत्न करीन' लिहिलं तर मी परत लिहायला लावते.

आणि पाणी. मराठीत 'पाणी सोडणं' म्हणजे एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडून देणं. दान देतानाही हातावरून पाणीच सोडतात. मला वाटतं शिकण्याच्या संकल्पातही ते हवं. दिवसाचे तास काही वाढत नाहीत; वीस मिनिटं आली तर कुठून तरी जाणार. म्हणून प्रत्येकाने दुसरं वाक्य लिहायचं: कशावर पाणी सोडलं. 'सकाळी उठल्याबरोबर फोन बघणं.' 'रात्रीच्या दोन मालिकांपैकी एक.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं होतं, 'कट्ट्यावरची राजकारणाची चर्चा, फक्त मंगळवारी आणि गुरुवारी.' त्या वर्षी ते बासरीवर भूप वाजवायला शिकले. ज्यांचं दुसरं वाक्य रिकामं राहतं त्यांचं पहिलं वाक्यही बहुतेक वेळा रिकामं राहतं, हे मी अकरा वर्षं पाहते आहे.

काय शिकावं तेच सुचत नाही.

मी एकच विचारते: गेल्या वर्षात कुठल्या क्षणी वाटलं की 'हे मला यायला हवं होतं'? बँकेत फॉर्म भरताना, नातवाचं गणित घेताना, टेकडीवर एखाद्या झाडाखाली उभं असताना. तिथून सुरू करा.

तरी सुचत नसेल तर पुण्यात राहतोय हे आठवा. या गावात शिकायची सोय चालत जाण्याइतक्या अंतरावर असते. भाषा घ्यायची तर फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आहे, जपानी शिकणारे तर इथे गल्लोगल्ली भेटतात. जुनी कागदपत्रं वाचायची ओढ असेल तर मोडी. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, आणि पेशवे दफ्तरातले मोडी कागद इतके आहेत की वाचणारी माणसं कायमच कमी पडतात. मोडीची मुळाक्षरं दोन-तीन आठवड्यांत हाताखाली येतात. खरी मेहनत पुढे, वेगवेगळ्या काळातल्या लेखकांचं वळण ओळखण्यात. आमच्याकडच्या एक वहिनी आता पेशवाईतलं पत्र अडखळत का होईना वाचतात, आणि त्यांना ते वाचताना ऐकणं हा मोठा आनंद आहे.

आकाश आवडतं? ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था पुण्यात १९४४ पासून काम करते आहे. एका वर्षात सत्तावीस नक्षत्रं डोळ्यांनी ओळखायची, हा संकल्प मला फार सुंदर वाटतो, कारण आपले महिनेच त्यांच्या नावावर आहेत. चैत्राच्या पौर्णिमेचा चंद्र चित्रेपाशी, वैशाखातला विशाखेपाशी. ते एकदा वर बघून पटलं की दिनदर्शिका भिंतीवरून आकाशात जाते.

झाडं शिकायची असतील तर पाडव्याइतका चांगला दिवस नाही. वेताळ टेकडीवर जा. पळस, पांगारा आणि काटेसावर यांचा बहर सरत आलेला असतो, थोड्याच दिवसांत बहावा पिवळा होईल. आठवड्याला एक झाड, पान-फूल-साल बघून, चित्र काढून. वर्षाला पन्नास झाडं होतात. पन्नास झाडं ओळखणाऱ्या माणसाला रोजचा रस्ता निराळाच दिसतो. त्याला फी लागत नाही, एक वही आणि शिसपेन्सिल पुरते.

आणि रोजचं, गरजेचं शिकणंही तितकंच मोलाचं आहे. दोन वर्षांपूर्वी एका आजींनी लिहिलं: 'मी दर रविवारी जेवण झाल्यावर नातीकडून फोनवरून वीजबिल भरायला शिकीन.' पाच रविवार लागले. सहाव्या रविवारी त्यांनी स्वतः बिल भरलं आणि पावतीचा फोटो सगळ्यांना पाठवला. त्या दिवशी ग्रुपवर आलेल्या टाळ्या मी विसरणार नाही.

एका वर्षी किती संकल्प करावेत?

एक. दुसरा हवाच असेल तर पहिल्याचं उद्यापन झाल्यावर.

रोज किती वेळ द्यावा? आणि अंगवळणी पडायला किती दिवस लागतात?

वीस मिनिटं रोज. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा ते बरं, कारण तीन तासांचा रविवार कधी येतच नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी शहाण्णव माणसांवर नजर ठेवून याचा अभ्यास केला. काम आपोआप होऊ लागायला साधारण सहासष्ट दिवस लागतात असं त्यांना दिसलं, पण कुणाला अठरा पुरतील तर कुणाला दोनशे चोपन्न लागतील, इतका माणसामाणसांत फरक. १९ मार्चपासून सहासष्ट दिवस मोजले तर २४ मे येतो. म्हणजे तेव्हा आपण अधिकात असू. तोवर जड वाटणं हे रीतसर आहे, तुमच्यात काही कमी नाही.

खंड पडला तर? एकदा मोडला की पुन्हा धरवत नाही.

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. व्रत मोडल्यासारखं वाटतं.

वर सांगितलेल्या अभ्यासात एक दिलासा देणारी गोष्ट होती: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एका दिवसाने काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या दिवसाची लाज वाटून दुसऱ्या दिवशी न बसल्याने. म्हणून आमचा नियम असा: सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत. ताप आला, गावाला गेलात, घरी कुणी वारलं, तरी दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं तरी वही उघडायची. कालचं पान वाचायचं आणि मिटायची. तेवढंही नेम चालू असल्याचं लक्षण.

दोन महिनेच गेले असतील तर वहीत जुन्या संकल्पाखाली नवी तिथी घालून तोच पुन्हा लिहा. खोडू नका. माझ्या वहीत एकाच बाईचा पोहण्याचा संकल्प तीन तिथींना आहे, चैत्र, आश्विन, माघ. फाल्गुनात तिने तलावाची रुंदी पार केली.

वय झालं, लक्षात राहत नाही.

लक्षात कोणाच्याच राहत नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून हे १८८५ मध्ये मांडलं, फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती काळाने किती उरतात ते मोजायचं. बरंचसं पहिल्या दिवसातच गळून जातं, नंतरची गळती मंद होते. पण मधे अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. एका दिवसात दहा वेळा वाचण्यापेक्षा आज, परवा, आठवड्याने, महिन्याने असं चार वेळा वाचलेलं पक्कं बसतं.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. वाचलेलं पुन्हा वाचू नका, आठवून बघा. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. वाचताना येतंय असं वाटतं, ते फसवं असतं.

घरी करायची सोपी युक्ती: जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून पत्ते करा. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. मिठाईच्या तीन रिकाम्या खोक्यांवर लिहा: रोज, तीन दिवसांनी, आठवड्याने. पत्ता बरोबर आला की पुढच्या खोक्यात, चुकला की परत पहिल्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितली. आमच्या इथे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा याच खोक्यांवर कन्नड शिकले, सुनेच्या माहेरच्यांशी बोलता यावं म्हणून.

क्लास लावावा की मोबाइलवरच शिकावं?

हाताने, गळ्याने किंवा अंगाने करायच्या गोष्टींना समोर गुरू हवा. तबल्यावर बोट कुठे पडतंय, पाण्यात मान कशी वळतेय, हे बघणारं कुणीतरी पाहिजे. चुकीचं वळण लागलं की काढायला दुप्पट वेळ जातो. वाचून-ऐकून समजण्याच्या विषयांना मोबाइल चालतो. सरकारच्या स्वयम या मंचावर विद्यापीठांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी असते.

क्लासची फी भरण्याआधी एक महिना घरी वीस मिनिटांचा नेम पाळून बघा, एवढं मात्र कळकळीने सांगते. वर्षाची फी आगाऊ भरली की आपण शिकायला लागलो असं मनाला वाटतं, आणि मग जाणं राहतं. माझे स्वतःचे एकदा असे पैसे गेले आहेत.

आणि ऐकायला जा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला दर उन्हाळ्यात असते, पाडव्यानंतर थोड्या आठवड्यांनी. नव्या संकल्पाला इतका चांगला शेजार दुसरीकडे मिळणार नाही.

परीक्षा द्यावी का?

ज्यांना तारीख समोर असल्याशिवाय हलवत नाही त्यांनी जरूर द्यावी. जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, सर्वांत सोपी पायरी एन-पाच. अर्ज काही महिने आधी भरावे लागतात. गाणं-वादनासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका अशा चढत चढत विशारदपर्यंत आणि पुढे. पण झाडं, स्वयंपाक, शेजाऱ्याची भाषा यांना परीक्षा नाही आणि नसावी. तिथे उद्यापन पुरे.

मुलांकडून संकल्प करून घ्यावा का?

करून घेऊ नये. बसू द्यावं, ऐकू द्यावं. पाडव्याला पाटीपूजन करायची पद्धत आपल्याकडे आहेच. आम्ही मुलांना तेवढं देतो. पाटीवर सरस्वती काढतात, हळदकुंकू, फूल वाहतात. मग मोठी माणसं वहीत लिहितात तेव्हा मुलं आजूबाजूला असतात, आणि आपले आई-बाबा काहीतरी न येणारं शिकणार आहेत हे त्यांच्या कानावर पडतं. मुलांना यापेक्षा मोठा धडा मला माहीत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती स्वतःच पेन मागतात.

मागितलं तरी मार्क आणि पहिला नंबर असलं काही लिहू देत नाही. ती इच्छा असते, संकल्प नाही. 'रोज शाळेतून आल्यावर दहा मिनिटं सायकलचा तोल सांभाळीन', हा संकल्प.

घरकाम, नोकरी, सासू-सासऱ्यांचं दुखणं. वीस मिनिटं आणायची कुठून?

हा प्रश्न मला आजवर फक्त बायकांनी विचारला आहे. त्यामुळे त्याचं उत्तर एकट्या त्या बाईकडे नाही, घराकडे आहे.

चौथ्या वर्षापासून आम्ही वहीत तिसरं वाक्य सुरू केलं. ते संकल्प करणाऱ्याने लिहायचं नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाने लिहायचं, स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर. 'ती साडेआठला पेटीवर बसली की कुकर मी लावीन, बेल वाजली तर दार मी उघडीन, औषध मी देईन.' खाली सही. हे लिहायला पहिल्या वर्षी काही पुरुषांना अवघड गेलं. आता ते आपणहून पुढे येतात.

सावित्रीबाई शिकल्या, शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या बाजूने घरातला एक माणूस उभा होता. पावणेदोनशे वर्षांनंतर त्याच शहरात एखाद्या बाईला वीस मिनिटांसाठी कुकरची शिट्टी आड येत असेल, तर ती शिट्टी दुसऱ्या कुणीतरी मोजायला हवी.

पाडव्याच्या दिवशी तुमचा कार्यक्रम असतो तरी काय? पूजा लागते का?

आपापल्या घरी ज्याची त्याची गुढी: वेळूची काठी, वर खण किंवा रेशमी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, आंब्याची पानं, साखरेची गाठी, फुलांची माळ आणि त्यावर उपडा तांब्या. खाली पार्किंगमध्ये आमचा काही विधी नाही. वाटीत कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग, जिरं, मीठ आणि चिंच वाटून केलेली चटणी असते, ती प्रत्येकाने चमचाभर घ्यायची, मग लिहायचं. दीड तासात आटोपतं. सूर्यास्ताआधी गुढ्या उतरवायला सगळे वर जातात.

सोसायटीत मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध घरं आहेत, देव न मानणारीही आहेत. सगळे वहीत लिहितात. संकल्पाला आम्ही साक्षीदार फक्त एकमेकांना धरतो.

वर्ष संपलं की काय?

उद्यापन. आपल्याकडे कुठलंही व्रत नुसतं थांबवत नाहीत, ते पूर्ण करून त्याचा निरोप घेतात, चार माणसांना जेवू घालतात. शिकण्याचंही तसंच. जे शिकलो ते फाल्गुनात, पुढच्या पाडव्याच्या आधीच्या रविवारी, करून दाखवायचं. बासरीवाल्याने पाच मिनिटं वाजवायचं, मोडीवालीने एक पत्र वाचायचं, झाडंवाल्याने सोसायटीभोवती फिरवून आणायचं. अर्धवट राहिलं असेल तर जिथपर्यंत आलो तिथपर्यंत. एका वर्षी एका मुलाने सतारीवर फक्त सा लावून दाखवला. खूप वेळ लावला आणि तो स्वच्छ होता.

तुम्ही स्वतः यंदा काय लिहिलं आहे?

दुसऱ्या मजल्यावर नऊ वर्षांचा एक मुलगा राहायला आला आहे. त्याला ऐकू येत नाही. तो हातांनी बोलतो, त्याची आई भराभर उत्तरं देते, आणि लिफ्टमध्ये मी नुसती हसते. मला ते हसणं पुरेनासं झालं आहे.

'मी, शके १९४८, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून, सोमवार ते शनिवार, रात्रीची भांडी आवरली की, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, रोज तीन नव्या खुणा शिकीन आणि आदल्या आठवड्यातल्या आठवून बघीन.' भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश दिल्लीच्या, याच भाषेच्या संशोधन व प्रशिक्षण केंद्राने केला आहे, त्याचे व्हिडिओ बघता येतात. त्यातल्या क्रिकेटच्या खुणांपासून सुरुवात. पाणी सोडलं ते झोपण्याआधी फोन चाळण्यावर. तिसरं वाक्य नवऱ्याने लिहिलं, ओटा तो पुसणार.

उद्यापनाला काय करणार, ती ओळ मी कोरी ठेवली होती. वही वाचून झाल्यावर त्या मुलाच्या आईने त्याला सगळं खुणांनी सांगितलं. तो उठून आला, माझ्या हातातलं पेन काढून बाजूला ठेवलं, माझी बोटं धरून एक खूण करायला लावली आणि बरोबर येईपर्यंत तीनदा करून घेतली. ती त्याच्या नावाची खूण होती.